पाय सांधेपर्यंत

दाजी घरापुढच्या खळ्यात उकिडवे बसून कोंबड्या मोजत होते. डाव्या मुठीत भाताचे दाणे होते. तांबडी कोंबडी समोर आली की उजवा हात तिच्या पाठीवरून शेपटीपर्यंत फिरायचा, मग दोन बोटं तिचा तुरा चाचपून बघायची, आणि "तू झालंस, सर बाजूक" असं म्हणून दाजी तिला मागे लोटायचे. कोंबडीही शहाण्यासारखी सरायची. आठ झाल्या, नऊ झाल्या, दहा झाल्या. अकरावीसाठी दाजींनी हात पुढे केला, तर हाताला काही लागलं नाही.

"अकरावी खंय गेली गो?" त्यांनी बाकीच्यांना विचारलं.

अकरावी कुठेच गेली नव्हती. दोन हातांवर, तुळशीच्या कडेच्या धुळीत खळगा करून, एक पंख पसरून ती ऊन खात पडली होती. दाजींनी तिकडे बघितलं. नजर कोंबडीवरून गेली, पलीकडच्या माडावर गेली आणि तशीच परत आली. मग ते गुडघ्यांवर आले आणि तळहातांनी जमीन चाचपत पुढे सरकू लागले.

बांबूच्या बेड्यापाशी, फाटकातून अंगणात एक पाय टाकून, कावेरी उभी होती. दाजींची ही एकुलती एक मुलगी. खारेपाटणच्या शाळेत शिकवायची आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बापाला भेटायला यायची. आज मंगळवार होता. शाळेचे कुणी जुने अध्यक्ष वारले म्हणून सुट्टी मिळाली होती, आणि कसलाही विचार न करता तिने सकाळची एस.टी. पकडली होती. "बाबा" ही हाक तिच्या ओठांपर्यंत आली आणि तिथेच राहिली.

दाजींचा हात एकदाचा कोंबडीला लागला. ती उठून पळाली नाही. उलट पाठ खाली दाबून बसली, उचला म्हणाल्यासारखी. दाजींनी तिला मांडीवर घेतलं.

"माजो जीव खालीवर केलंस," ते म्हणाले. मग जरा थांबून सगळ्यांनाच उद्देशून, मास्तर पोरांना सांगतो तसं, "आयतवारी कावेरी येतली. तेच्या आदी हारीन उबी रवाची सवय करा. तिच्यासमोर माका असा रांगूक लावू नका."

कावेरी एकेक पाऊल मागे घेत रस्त्यापर्यंत गेली. गडग्याच्या दगडांना टेकून, पिशवी पोटाशी धरून ती थोडा वेळ रडली. राग आला होता तिला, आणि तो सगळा स्वतःवरच होता. मग तिने पदराने तोंड पुसलं, परत आली आणि मुद्दाम बेडा खडखडवला.

"बाबा, आसात काय घरात?"

दाजी ताठ उभे राहिले होते. चेहऱ्यावर हसू होतं, नजर मात्र तिच्या चेहऱ्याच्या किंचित डावीकडे लागलेली.

"ये गो. आज खंयसून इलंस? मंगळवार मा आज?"

ते पुढे होऊन घरात शिरले. चार पावलं, मग उंबरा, मग डावीकडे बाक. कुठेही हात न लावता. कावेरीला त्यांचं कौतुक वाटलं. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत कमरेच्या उंचीवर काथ्याची दोरी ताणून बांधलेली होती. ती गेल्या महिन्यातही असणार. तिने बघितली नव्हती एवढंच.

"ही दोरी कसली?"

"दोडक्याचो वेल चडवचो आसा."

"वेल खंय आसा?"

"येतलो मगे," दाजी म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसं, फार पटकन.

ह्या कोंबड्या कावेरीनेच आणलेल्या. चार वर्षांपूर्वी तिची आई, आनंदीबाई, वारली आणि दाजी घरात एकटे पडले. त्या सुमाराला पंचायत समितीच्या कसल्याशा योजनेत सुधारित जातीची पिल्लं मिळत होती. कागदावर 'ऱ्होड आयलंड रेड' असं लिहिलेलं होतं. वाडीने ते नाव एका दिवसात निकालात काढलं आणि 'सरकारी' असं ठेवलं. दाजींना सुरुवातीला ह्या सरकारी जातीचा भारी तिटकारा. गावठी कोंबडी म्हणजे कशी, माणूस दिसला की दहा हात लांब, तिन्हीसांजेला फणसाच्या फांदीवर, अंडं घालील तेसुद्धा तुम्हाला सात जन्म सापडू नये अशा जागी. ह्या तांबड्या बायांना भीडच नाही. पोस्टमन आला की त्याच्या सायकलमागे, भिक्षेकरी आला की त्याच्या झोळीमागे. दाजी बसले रे बसले की एक मांडीवर आणि दुसरी तिच्यावर रुसून गुडघ्याशी.

"ही कोंबी आसा काय मांजर?" दाजी कुरकुरायचे. "कोणीय बोलवल्यान की निगाली. लाज म्हणून नाय."

पण वाडीतल्या कुणी ह्या कोंबड्यांना नावं ठेवली, तर त्या माणसाशी दाजी चार दिवस बोलायचे नाहीत.

गावठीही होत्या आधी, सात-आठ. त्या गेल्या सहा महिन्यांत एकेक करून कमी झाल्या. मुंगूस नेतं, असं दाजी सांगायचे. कावेरीने दर वेळी मान डोलावली होती आणि पिशवीत अंडी भरून ती परत गेली होती.

पाणी आणायला म्हणून ती विहिरीवर गेली, तेव्हा शेजारच्या तुळसाच्या परसातून एक निळसर मानेची कोंबडी टुणकन गडग्यावर चढली. कावेरीला बघताच मान वाकडी केली आणि पलीकडे उडाली. तिला कावेरी ओळखत होती. आईची लाडकी मोरकंठी.

तुळसा भांडी घासत होती. कावेरी दिसली तशी ती उठली आणि उगाचच पुन्हा बसली.

"वयनी, ही आमची मोरकंठी न्हय? मुंगसान न्हेलली?"

"माका काय विचारू नको गो," तुळसा म्हणाली. "दाजीनी माका शपथ घातल्यानी हा." आणि शपथ घातलेली माणसं सांगतात तसं तिने सगळं सांगून टाकलं. "गावठी कोंबी तेंका गावना नाय. झाडार चडता, तेंका दिसना नाय. एक दीस फणसाखाली उबे रवान तिन्हीसांजेक हाक मारी होते, मारी होते. आणि कोंबी कधीच खुराड्यात जावन निजलली. दुसऱ्या दिसा माका म्हणाले, तुळसा, ह्यो तू न्हे. माज्या हातात येतत तितक्याच माका पुरे."

"कधीपासना ह्या?"

"गणेश चवतीच्या आदीपासना. देवगडाक डोळ्यांचो कॅम्प होतो, थंय मीच न्हेललंय. काचबिंदू म्हणालो डाक्टर. गेला ता परत येवचा नाय म्हणालो. आता नुसती सावली दिसता तेंका, भायर ऊन आसला तर."

कावेरी विहिरीच्या काठावर बसली. म्हणजे तुळसाला ठाऊक, देवगडच्या डॉक्टरला ठाऊक, वाडीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक असणार. तिलाच नाही. आणि कळायला काही अवघडही नव्हतं. कळपातून कोण गेलं आणि कोण उरलं एवढं बघितलं असतं, तरी पुरे होतं. हाताला न येणाऱ्या गेल्या होत्या, हाताला येणाऱ्या उरल्या होत्या.

जेवताना दाजींनी तिला अंड्याची पोळी करून वाढली. तव्यावर तेल किती तापलंय ते आवाजावरून ओळखलं, उलथताना कडा मोडू दिली नाही. कावेरी ताटाकडे बघत जेवली. शेवटचा घास झाल्यावर तिने विचारलं.

"बाबा, खारेपाटणाक चला. थोडे दीस."

"ह्यांका कोण बगतलो?" दाजींनी दाराकडे हात केला. उंबऱ्यात दोन तांबड्या माना आत डोकावत होत्या.

"ह्यांका घेवन चला."

"आणि थंय येवन मी खावचंय काय?"

हे वाक्य त्यांच्यामध्ये अकरा वर्षं होतं, फक्त आजवर ते कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. शहाऐंशी सालापर्यंत ती बऱ्याच जणांनी सोडलीही होती. पण त्या साली कावेरीच्या लग्नात दाजींनी भर मांडवात जावयाला सांगितलं होतं, "नातू होवंदे, मगे येवन असो जेवतंय, की तुमी पुरे म्हणश्यात." मांडव हसला होता. कावेरीने मान खाली घातली होती, पण तीही हसत होती. त्यानंतर दर दिवाळीला दाजी तांदूळ आणि नारळ घेऊन खारेपाटणला जायचे, पडवीत पाय धुवायचे, सगळ्यांची चौकशी करायचे आणि पाण्याचा थेंब न घेता पुढच्या गाडीने परत फिरायचे. पहिली काही वर्षं कावेरी तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवायची. मग ती ठेवेनाशी झाली. मधे कोल्हापूरच्या दोन डॉक्टरांकडे जाऊन झालं, कुणकेश्वराला साकडं घालून झालं. आता तिला चौतिसावं सरलं होतं. शाळेतल्या बायकांनी तो विषय काढणंही सोडून दिलं होतं.

"तुमचो तांदूळ घेवन येवा," ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा कडक निघाला. "येगळी चूल मांडून देतंय. माज्या घरातला काय एक खाव नको."

"बगूया," दाजी म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

कोंबड्यांचा कालवा झाला तो त्याच वेळी.

दाजींनी दाराआडची काठी घेतली आणि ते कावेरीच्या आधी बाहेर पडले. कावेरी मागून धावली. गडग्याच्या भगदाडातून एक मुंगूस खळ्यात शिरलं होतं. गावठी कोंबड्या असत्या तर एव्हाना फणसावर जाऊन वरून शिव्या देत बसल्या असत्या. ह्यांना तसलं काही कुणी शिकवलं नव्हतं. भूक लागली, तहान लागली, भीती वाटली, तरी ह्यांना एकच उपाय ठाऊक होता, माणसाकडे जायचं. अकराच्या अकरा दाजींच्या पायांकडे धावल्या.

"हाड! हाड!" कावेरी ओरडली. मुंगूस वळलं आणि आलं तसं भगदाडातून नाहीसं झालं.

दाजींना ते कुठून कळणार? त्यांच्या पायाला काहीतरी मऊ, गरम, वेगाने येऊन धडकलं, आणि त्यांनी काठी हाणली.

"बाबा, नको! ती आपली—"

कोंबडी एकदाच किंचाळली. दाजींच्या हातातली काठी गळून पडली. बाकीच्या दहा जणी फुटून चारी बाजूंना झाल्या, आणि मधे ती एक पंखांवर रेटत, एक पाय मागे ओढत गोल फिरू लागली. दाजी होते तिथेच खाली बसले. हात पुढे करायचंही त्यांना सुचलं नाही. कोंबडीच फिरत फिरत त्यांच्याकडे आली आणि त्यांच्या गुडघ्याच्या सावलीत अंग टाकून राहिली.

ज्याने मारलं त्याच्याकडेच आली. दाजींना हे सहन झालं नाही. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि ते मोठ्याने रडले. आनंदीबाई गेली तेव्हाही कावेरीने त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

"माका दिसना नाय, कावेरी," ते म्हणाले.

"माका ठावक आसा."

"तुळसान सांगल्यान?"

"तेच्या आदीपासना. सकाळी मी बेड्याकडे उबी होतंय."

दाजींनी मान खाली घातली. मग कोंबडीच्या पायावरून बोट फिरवलं, आणि त्यांचा आवाज बदलला. हे काम त्यांना येत होतं. उभ्या वाडीच्या गुरावासरांचे मोडलेले पाय त्यांनी बांधले होते.

"मेलेली नाय ना ती? मगे रडत कित्याक बसलंव आपण! तुळसाक सांग, हाडसांधीचो वेल कुटून दी म्हणान. बांबयेची पातळ काडी हाड. आणि जुना धोतार फाड माजा."

तुळसाने वेल कुटून हिरवा लगदा आणून दिला आणि ती काही न बोलता गेली, हे तिच्या हिशेबाने फारच झालं. कावेरीने कोंबडीला पदरात गुंडाळून मांडीवर धरलं. समोर दाजी बसले. कोंबडीचे डोळे अर्धे मिटले होते, छाती भराभर वरखाली होत होती, पण ती धडपडली नाही. परक्या मांडीवरही ती आपल्या घरच्यासारखी पडून राहिली.

"हाड खंय वाकला ता सांग."

"गुडघ्याच्या खाली बोटभर. भायल्या अंगाक."

"कातडी फुटली?"

"नाय. लाल झाली हा."

"आता मी ओढतंय. सरळ झाला की सांग. डोळे मिटू नको."

"आजून. आजून थोडा. झाला!"

दाजींनी लगदा लावला, दोन बाजूंनी काड्या ठेवल्या आणि पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. कावेरी पट्टीचं टोक धरून होती. बाप समोर होता आणि त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता. तेवढ्याने तिला धीर आला असेल.

"अकरा वर्सां तुमी माज्या घरात पाणी पिवक नाय," ती म्हणाली. "माका वाटलला, तुमी माका शिक्षा करतास."

पट्टी थांबली.

"शिक्षा?" दाजी म्हणाले. "तुका?"

"मगे काय?"

दाजींची कोंबडीच्या पायावरची बोटं तशीच राहिली.

"अगो, मी एक दीस बसान जेवलंय असतंय, तर तुका काय वाटला असता? बापाशीनपण आशा सोडल्यान. लोकांनी सोडल्यानी, डाक्टरांनी सोडल्यानी. म्हटला, मी एकट्यान तरी धरून रवाचा." त्यांनी पट्टीचा एक वेढा घेतला. "घशाक कोरड पडे माज्या, त्या पडवीत. नांदगावाच्या तिठ्यार येवन दोन-दोन ग्लास पाणी पी मी."

जे कावेरीने अकरा वर्षं स्वतःवरचा ठपका म्हणून सोसलं, ते म्हाताऱ्याने तिच्यासाठी धरलेलं व्रत होतं. आणि दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत कितीतरी वेळा विचारता आलं असतं.

"गाठ मार," दाजी म्हणाले. "घट नको. बोट जावक होया."

तिने गाठ मारली.

"दर चार दिसांनी सोडून बगूक होया," दाजी सांगू लागले. "पाय काळो पडलो काय, सुजलो काय. ता माका दिसाचा नाय."

"मगे हिका मी न्हेतंय."

"तुका बांधूक येवचा नाय."

"मगे?"

दाजींनी कोंबडी तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतली. अंगणात बाकीच्या दहा पुन्हा जमल्या होत्या. एक दाजींच्या धोतराचं टोक चोचीने ओढून बघत होती.

"हिचो पाय सांधासर येतंय," ते म्हणाले. "वीस-पंचवीस दीस. माजो तांदूळ घेवन."

"बरा," कावेरी म्हणाली. त्याहून जास्त मागायची तिची हिंमत झाली नाही.

दहा कोंबड्या तुळसाच्या हवाली झाल्या. "येतल्या त्या मागसून माज्या, हाक मारूचीय गरज नाय," असं तुळसा म्हणाली, आणि खरोखरच त्या एका मागोमाग एक गडगा ओलांडून तिच्या परसात गेल्या. दाजींना ते कळलं तेव्हा त्यांना थोडा राग आला. निदान एकीने तरी मागे वळून बघायला हवं होतं.

साडेतीनच्या गाडीत दाजींच्या मांडीवर टोपली, टोपलीत गवत, आणि गवतावर पट्टी बांधलेला पाय पुढे करून बसलेली कोंबडी. पायाशी तांदळाची गाठोडी. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थांबला.

"आजोबा, कोंबडीचं तिकीट काढावं लागेल."

"ही सरकारी कोंबी आसा," दाजी म्हणाले. "सरकारी गाडयेत फुकट जातली."

गाडी हसली. कंडक्टरही हसला. त्याने टोपलीत बोट घातलं, तर कोंबडीने त्या बोटावर आपली मान टेकवली. त्याने तिकीट दोघांचंच फाडलं. नांदगावला गाडी बदलताना दाजींनी कावेरीच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर ते ह्याच तिठ्यावर, तीन रस्त्यांच्या नाक्यावर उतरून पाणी प्यायचे हे तिला आता ठाऊक होतं. तिने पाण्याचं नाव काढलं नाही, आणि दाजींनीही काढलं नाही.

खारेपाटणला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. हरिश्चंद्र, कावेरीचा नवरा, सोसायटीतून नुकताच येऊन पडवीत पेपर वाचत होता. सासरे दिवाळीशिवाय आलेले त्याने कधी बघितले नव्हते. त्याने आधी टोपली बघितली, मग कावेरीच्या खांद्यावरचा हात बघितला. तो उठला आणि वाटेतली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"येवा मामा. पायरी आसा हय, एकच."

कावेरीने पाय धुवायला बादली आणून दिली. मागच्या पडवीत तीन दगड मांडले, लाकडं लावली, दाजींच्या तांदळाची गाठोडी शेजारी ठेवली, त्यांचं पातेलं ठेवलं. एकदा दिलेला शब्द तिला पाळायचा होता. प्यायचं पाणी तिने आणलं नाही. समोर ठेवायचं आणि त्यांनी ते तसंच सोडायचं, हे आज तिला पुन्हा बघायचं नव्हतं.

दाजी पायरीवर बसले होते. टोपली शेजारी होती. कावेरीने एका वाटीत पाणी आणून कोंबडीपुढे धरलं. कोंबडीने चोच बुडवली, मान वर केली, पुन्हा बुडवली.

"पिता?" दाजींनी विचारलं.

"पिता."

"सगळा?"

"संपवल्यान."

दाजी ऐकत राहिले. वाटी रिकामी झाली तरी कोंबडी तिच्या तळावर चोच मारत होती. घर नवं, माणसं नवी, पाय मोडलेला, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"तांब्यो हाड," दाजी म्हणाले.

कावेरीने बादलीतला तांब्या भरून त्यांच्या हाताशी नेला.

"पाय धुवचो न्हय," ते म्हणाले. "पिवचो."

दारातला हरिश्चंद्र जागच्या जागी थांबला. कावेरी आत गेली. माठातलं पाणी तिने तांब्यात घेतलं, आणि परत आली, आणि तांब्या त्यांच्या दोन्ही हातांत दिला. दाजींनी तो तोंडाला लावला आणि मधे श्वासही न घेता रिकामा केला. मग मिशा पुसल्या. तांब्या जमिनीवर ठेवला आणि तो नीट उभा राहिला का ते बोटांनी बघितलं.

कावेरी समोर उभी होती. आता ह्या घराच्या दारात कुणी नातवाची वाट बघत बसलेलं नव्हतं. तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

"जेवूक काय केलंस गो?" दाजींनी विचारलं.

"आजून काय नाय," ती म्हणाली. "कुळथाची पिठी करतंय. आणि भात."

"कर मगे. आणि ते दगड उचला थयसून. कोणाचो तरी पाय अडकतलो."

हरिश्चंद्र वाकला आणि त्याने पहिला दगड उचलला.